बैलाच्या मस्तकांतील हुकूम

आमच्या वर्धा जिल्ह्याचा, विशेषतः आर्वीकडचा गवळाऊ बैल पांढरा, अंगानें हलका व चालीनें जलद. गोऱ्हा बडवला कीं त्याची मस्ती जिरते व तो औताला वळतो, हें शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु असें कां होतें, याचा पुरता उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

पहिला धागा १८४९ सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें बर्टोल्ड यांच्या हातीं आला. त्यांनीं वृषण मूळ जागेवरून काढून कोंबड्याच्या पोटांत दुसरीकडे बसविला. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटला, तरी कोंबड्याचा तुरा, आरवणें व झुंजणें कायम राहिलें. अर्थात् वृषणाचा प्रभाव रक्तांतून पसरत असला पाहिजे. तो प्रभावी पदार्थ, टेस्टोस्टेरोन, १९३५ सालीं अॅमस्टरडॅम येथें लाकर यांच्या मंडळीनें शुद्ध स्वरूपांत मिळविला. सुमारें १०० किलो वळूंच्या वृषणांतून हातीं आले अवघे १० मिलिग्रॅम!

पण वृषणावर हुकूम कोणाचा? १९२७ च्या सुमारास अमेरिकेंत फिलिप स्मिथ यांनीं उंदरांच्या मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथि मेंदूस न दुखवितां काढली. वृषण सुकत गेले. त्याच ग्रंथीचे ताजे तुकडे रोज अंगांत बसवितांच ते पुन्हां भरले. पुढें कळलें कीं, या ग्रंथीचे दोन स्राव वृषणाकडे जातात. एक लायडिग यांनीं १८५० सालीं वर्णिलेल्या पेशींकडून टेस्टोस्टेरोन करवून घेतो. दुसरा शुक्रजंतूंच्या जोपासनेस साहाय्य करतो. पिट्युटरीसही मेंदूंतून आज्ञा येते. त्या आज्ञास्रावाची घटना १९७१ सालीं उलगडली व शाली आणि गिय्येमँ हे १९७७ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

थारोळें भरलें कीं मोट थांबते, तसें रक्तांत टेस्टोस्टेरोन पुरेसें झालें कीं पिट्युटरी हात आखडते. म्हणूनच बडवलेल्या बैलाची गोष्ट नवलाची आहे. लगाम नाहींसा झाल्यामुळें त्याची पिट्युटरी उलट अधिकच स्राव सोडते. मस्तकांतून हुकूम सुटतच राहतो, परंतु तो बजावणारा उरलेला नसतो.

१९४१ सालीं जमनालाल बजाज यांनीं वर्ध्यास गोसेवा संघ उभारला. आज शुद्ध गवळाऊ विरळ होत असतां त्या सेवेचें पहिलें पाऊल एवढेंच कीं, गोऱ्हे बडवण्याआधीं उत्तम गोऱ्हा वळू म्हणून निवडून ठेवावा. बडवलेल्याचा वंश कोणत्याहि ग्रंथीच्या हुकुमानें परत येत नाहीं.