ख्रिस्ती चित्रपट आणि मराठी परंपरा
येशूचरित्र किंवा ख्रिस्ती श्रद्धा हा विषय असलेले चित्रपट मंडळीपुरते ठेवावेत की सर्वांसाठी थिएटरात आणावेत, हा वाद जुना आहे. महाराष्ट्रात मात्र पुरावा थिएटरच्या बाजूला झुकतो. १९१०-११च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनासमोर राम-कृष्ण उभे राहिले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तो मूकपट चर्चच्या आवारातच राहता, तर फाळक्यांच्या नजरेस पडण्याचा संभव फार थोडा होता. फाळके ख्रिस्ती झाले नाहीत. प्रचाराच्या हिशेबात हा तोटाच म्हणायचा, पण परंपरेच्या हिशेबात तो लाभ ठरला.

लोकरंजनाच्या साच्यात श्रद्धा ओतली की उपासनेची करमणूक होते, हा पहिला आक्षेप. तो खरा मानला, तर १६१६चे फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंगही बाद करावे लागतील. या आक्षेपाचे उत्तर तुळजापूरच्या भवानीच्या नावाने घातल्या जाणाऱ्या गोंधळात सापडते. पूर्वरंगात चौक भरून, घट मांडून, दिवटी पेटवून देवदेवतांना आवाहन होते. उत्तररंगात संबळाच्या ठेक्यावर आख्यान रंगते आणि त्यात विनोदाला मुभा असते. विधी आणि रंजन एकाच रात्री नांदतात, पण चौकाची जागा आख्यान घेत नाही. चित्रपटांनी संबळ आणि उदोकार उचलले, तरी लग्नकार्यानंतरचा कुळाचाराचा गोंधळ घरोघरी राहिलाच. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीचेही तसेच आहे: ते पडद्यावर दाखवता येते, पण पडद्यावर होत नाही.

बाजार कथा वाकवतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गाणी, चमत्कार, अश्रू यांची मात्रा वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अलिप्त राहून चित्र शुद्ध राहत नाही, ते दुसरे कोणी काढते. हिंदी पडद्यावरचा दारुडा ख्रिस्ती आणि ठराविक साच्यातला पाद्री असेच रूढ झाले. उलट १९७८चा तेलुगू ‘करुणामयुडु’, हिंदीत ‘दयासागर’, भारतीय भक्तिपटाच्या वळणाने जातो. तो आधी चित्रपटगृहांत चालला आणि पुढे गावोगाव पडदे लावून प्रचारासाठीही दाखवला गेला.