दोषाचा काळ कोणता?



इतिहासाचे विवेचन म्हटले की गडकोट, सनदा आणि बखरी ह्यांची अपेक्षा श्रोते करतात. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत तो त्या मानाने लहान, किंबहुना तळहातावर मावणारा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकाला आजचे मेमरी कार्ड जोडले आणि ते चालेनासे झाले, तर दोष शोधावा कसा, एवढाच तो प्रश्न. परंतु त्याचे उत्तर विजेच्या शास्त्रात जितके आहे तितकेच इतिहासात आहे, असे आमचे मत आहे. हे मत बनण्यापूर्वी एका स्नेह्यांस त्याची किंमत मोजावी लागली, म्हणूनच ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. इंग्लंडातील केंब्रिज येथील क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा संगणक जाहीर केला. १६ के स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ के स्मृतीच्या यंत्राची १७५ पौंड होती. घरातला दूरदर्शन संच हा त्याचा पडदा, आणि घरातला टेपरेकॉर्डर हे त्याचे दप्तर. टेपवरून ४८ के भरायला चार-साडेचार मिनिटे लागत. भारतातही परवाना घेऊन ह्याच घराण्यातील 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला गेला, आणि आपल्याकडील कित्येक मुलांनी संगणकाची पहिली अक्षरे त्यावर गिरवली.

ह्या यंत्राच्या पाठीमागे एक फट आहे. तिच्यातून आतल्या पाटीचा उघडा काठ दिसतो. त्यावर वरच्या आणि खालच्या बाजूस धातूच्या पट्ट्या. बाहेरचे कोणतेही उपकरण जोडायचे ते ह्या काठावर खोचायचे. ना स्क्रू, ना खिट्टी! ह्याच्या आधीचे भावंड 'झेडएक्स ८१' हे १९८१ सालचे. त्याला मूळची स्मृती अवघी १ के, म्हणून लोक १६ केचा डबा पाठीमागे खोचत. टंकन करताना तो डबा किंचित हलला की तासाभराचे काम क्षणात नाहीसे होई. तात्पर्य, सांध्याचे दुखणे ह्या घराण्यात जन्मापासूनचे आहे.

कार्डाचा वंश निराळा. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांनी 'फ्लॅश' स्मृती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. १९९७ मध्ये 'एमएमसी' आणि १९९९ मध्ये 'एसडी' कार्ड आले. म्हणजे स्पेक्ट्रम घडला तेव्हा हे कार्ड कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ह्या दोघांची गाठ घालणारी जोडपाटी आपल्या काळातील हौशी मंडळींनी तयार केली. तिची युक्ती ऐकण्यासारखी आहे. स्पेक्ट्रमच्या कायम स्मृतीत टेप वाचण्याचा क्रम एका ठरलेल्या पत्त्यावर आहे. मध्यवर्ती प्रक्रियक त्या पत्त्यावर आला की जोडपाटी त्याच्यापुढील पान हळूच बदलते आणि तेथे आपले पान ठेवते. बिचाऱ्या यंत्राला वाटते की आपण टेप वाचत आहोत. प्रत्यक्षात कार्ड वाचले जात असते.

आता आमच्या चुकीकडे येतो. आमच्या एका स्नेह्यांनी महाविद्यालयात असताना स्पेक्ट्रमवर तिथी काढण्याचे गणित लिहिले होते. पावसाळ्यांनी टेपला बुरशी धरली. पण ती पुरती बिघडण्यापूर्वी त्यांनी ते गणित कार्डावर उतरवून घेतले. पुढे एके दिवशी पडद्यावर 'कार्ड सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. ते आमच्याकडे आले. आम्ही फारसा विचार न करता कार्ड नव्या संगणकात घातले, आणि ते कोरे करून नव्याने आखले. पुन्हा जोडले, तरी तोच संदेश. शेवटी तो उघडा काठ पुसला आणि कार्ड चालू लागले! दोष १९८२ चा होता; आम्ही मात्र त्याची शिक्षा नव्या कार्डाला दिली. त्या गणिताची दुसरी प्रत कोठेही नव्हती. स्नेही काही बोलले नाहीत, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक दोषाला प्रथम एकच प्रश्न विचारतो : बाबा रे, तुझा काळ कोणता?

पहिला थर १९८२ चा, म्हणजे वीज आणि सांधा. जोडपाटी काढून यंत्र एकटे सुरू करावे. पडद्यावर सिंक्लेअर रिसर्चचे नाव आणि १९८२ हे साल असलेली ओळ उमटली, तर यंत्र बहुधा ठीक आहे असे धरावे. न उमटली तर कार्डाकडे पाहण्याचे कारणच नाही. वीजपुरवठा आणि आतले जुने कपॅसिटर तपासावेत. यंत्र ठीक असेल तर काठाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसाव्यात. वीज चालू असताना काहीही जोडू अथवा काढू नये. कारण त्या काठावर ५ व्होल्टांच्या शेजारी ९ आणि १२ व्होल्टही आहेत, आणि पाटी तिरकी बसली तर एका क्षणात अनर्थ होतो.

दुसरा थर दोन युगांच्या मधला. स्पेक्ट्रमची भाषा ५ व्होल्टांची, कार्डाची ३.३ व्होल्टांची. मधला दुभाषा कच्चा असेल तर एक कार्ड चालते आणि त्याच जातीचे दुसरे चालत नाही.

तिसरा थर नोंदवहीचा. 'फॅट' ही फाइली मांडण्याची पद्धत १९७७ पासूनची, तिचा ३२ अंकी अवतार १९९६ चा. जोडपाटीवरील प्रणाली सामान्यतः एवढेच जाणते. ३२ जीबीहून मोठी कार्डे मात्र २००९ च्या नियमाप्रमाणे 'एक्सफॅट' ह्या निराळ्या मांडणीत विकली जातात. असे कार्ड नव्या संगणकात सुरळीत दिसते आणि जुन्यात दिसत नाही. येथे दोष कोणाचाच नाही. वही मोडीत आहे आणि वाचणाऱ्यास केवळ बाळबोध येते.

चौथा थर २००६ चा, आणि तो सर्वांत फसवा. २ जीबीपर्यंतच्या जुन्या कार्डांना पत्ता सांगताना बाइट मोजतात. २००६ नंतरच्या मोठ्या कार्डांना ५१२ बाइटांचे गट मोजून सांगतात. शंभराव्या गटासाठी जुनी प्रणाली ५१,२०० असे म्हणते. नवे कार्ड इमानाने ५१,२०० वा गट काढून देते! कार्ड हजर आहे, उत्तरही देते. परंतु भलतेच घर उघडते.

पाचवा थर आपल्याच काळाचा. बनावट कार्डे आपली क्षमता फुगवून सांगतात, आणि खरी जागा संपल्यावर पुढे लिहिलेले गमावले जाते. म्हणून नवे कार्ड रिकामे असतानाच पुरते भरून परत वाचून पाहावे. तसेच, जोडपाटीवरील प्रणाली आणि कार्डावरील तिच्या फाइली एकाच आवृत्तीच्या आहेत ना, तेही पाहावे.

हे थर जुन्याकडून नव्याकडे तपासावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर यंत्र सुरू होईल कदाचित, पण कशाने झाले ते कळणार नाही. ह्या सर्वांच्या आधी मात्र एक नियम : कार्ड नव्या संगणकात वाचता येत असेल, तर त्याची संपूर्ण प्रत काढल्यावाचून त्याला हात लावू नये.

जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत हा विवेक आपण शिकलो आहोत. जीर्ण कागद वाचता आला नाही म्हणून कोणी तो धुऊन कोरा करीत नाही. ह्या यंत्रांवर एका पिढीच्या मुलांनी जे लिहिले तेही कागदपत्रच आहे. आणि त्याच्या टेप वर्षावर्षाने मूक होत चालल्या आहेत. आमच्या स्नेह्यांचे तिथीचे गणित आता परत येणार नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे यंत्र आणि अशा टेप असतील, तर घरी गेल्यावर त्या आधी खाली काढा, एवढीच विनंती.