खाडिलकर, रोहिणी
(१ एप्रिल १९६३– ). भारतीय बुद्धिबळपटू. जन्म मुंबई येथे. सांगलीचे नाटककार व पत्रकार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू, *नवाकाळ*चे संपादक नीळकंठ खाडिलकर हे त्यांचे वडील. वासंती व जयश्री या भगिनीही बुद्धिबळपटू. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिले अजिंक्यपद वासंती यांनी मिळविले आणि पुढे सुमारे दशकभर या स्पर्धेवर तिघी भगिनींचे वर्चस्व राहिले.

वयाच्या तेराव्या वर्षी, १९७६ मध्ये, रोहिणी राष्ट्रीय पुरुष अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या. त्या स्पर्धेत खेळणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या सहभागावरून मोठा वाद माजला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले व तेथे त्यांची बाजू मान्य झाली. माजी जगज्जेते आणि आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनीही राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून महिलांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

पटावर शारीरिक बळाला स्थान नसते; नियम, मोहरी व घड्याळ सर्वांना सारखेच. पहिल्या महिला जगज्जेत्या व्हेरा मेंचिक १९२९ मध्ये कार्ल्सबाद येथे नामवंत पुरुष खेळाडूंविरुद्ध खेळल्या होत्या. तरीही १९७६ मध्ये भारतात हा प्रश्न न्यायालयात सोडवावा लागला.

या विजयाचा वारसा मात्र सरळ नाही. रोहिणी यांची प्रमुख अजिंक्यपदे महिलांच्या स्पर्धांतीलच आहेत : राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा आणि आशियाई अजिंक्यपद १९८१ व १९८३ मध्ये. त्यांना १९८० चा अर्जुन पुरस्कार आणि १९८१ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब लाभला. नंतर स्पर्धात्मक खेळ सोडून त्या वृत्तपत्रव्यवसायात शिरल्या.

स्वतंत्र स्पर्धांमुळे मुलींना संधी मिळते. पण बलाढ्य प्रतिस्पर्धी दुरावतात, असाही आक्षेप आहे. हंगेरीच्या यूदित पोल्गार यांनी महिला जगज्जेतेपद टाळून खुला खेळ स्वीकारला व २००५ मध्ये त्या खुल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत खेळल्या. याउलट नागपूरच्या दिव्या देशमुख यांना २०२५ मध्ये स्त्री-पुरुषांस समान असलेला ग्रँडमास्टर किताब मिळाला, तो महिला विश्वचषक जिंकल्यामुळे. खुल्या स्पर्धेचे दार १९७६ मध्ये मोकळे झाले. दोन वाटांचा प्रश्न मात्र कायम राहिला.