नोकरी नको असलेल्यांना येणारा फोन
नोकरी शोधत नसलेल्याला रिक्रूटरच्या फोनचा काय उपयोग? २००५च्या सुमारास ॲपल आणि गूगलने ठरवलं, एकमेकांच्या लोकांना असे फोन करायचेच नाहीत. २००७मध्ये गूगलच्या एका रिक्रूटरने ॲपलच्या इंजिनिअरला गाठलं. स्टीव्ह जॉब्सने गूगलचे प्रमुख एरिक श्मिट यांना मेल केला आणि त्या रिक्रूटरची नोकरी गेली. २०१०मध्ये अमेरिकी सरकारने सहा कंपन्यांवर खटला भरला. सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या दाव्यात २०१५मध्ये चार कंपन्यांची ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली.

कारण त्या फोनवर बाहेरचा पगार कळतो. एकाला कळला की टीमला कळतो. मला नोकरी बदलायची नाही. तरी असा फोन मी कट करत नाही. आकडा विचारतो आणि टीममध्ये सांगतो.