जोर्वे संस्कृतीतील दफनविधी

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची मृतांना वस्तीत, बहुधा राहत्या घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा. काळ सुमारे इ. स. पू. १४०० ते ७००. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या प्रवराकाठच्या गावी ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्यावरून या संस्कृतीला नाव मिळाले. नेवासे, दायमाबाद, चांदोली आणि इनामगाव ही तिची इतर महत्त्वाची स्थळे. त्यांपैकी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सविस्तर उत्खनन केले. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाल्याने या विधीची सर्वांत भरवशाची माहिती तिथूनच मिळते.

बालकांची दफने : दफनांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. घराची जमीन खणून खड्डा करीत. हाताने घडवलेले दोन करड्या रंगाचे कुंभ त्यात तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत व त्यांत मूल निजवीत. सोबत तांबड्या मातीची, काळ्या रंगात नक्षी काढलेली भांडी असत : एक कंगोरेदार वाडगा आणि एक तोटीचे भांडे. मग खड्डा बुजवून जमीन पुन्हा चोपीत आणि त्याच जमिनीवर घरचा संसार पुढे चालू राही.

प्रौढांची दफने : प्रौढांना खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवीत. इनामगावी त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये, अशी यामागची समजूत असावी, असे अभ्यासक मानतात. याला एक ठळक अपवाद आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात सुमारे ४० वर्षांचा पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. हा गावाचा प्रमुख असावा, असा तर्क आहे.

समाज व कर्तृत्व : इनामगावकर बार्ली, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खोदला होता, धान्यासाठी कोठार बांधले होते. चाकावर घडवलेली त्यांची भांडी पातळ व खणखणीत भाजलेली आहेत. तांबे दुर्मीळ असल्याने रोजची कापाकापी गारगोटीच्या पात्यांनी होई. इ. स. पू. १००० नंतर प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होऊन शेती खालावल्याचे हे लक्षण मानतात. दात व हाडे यांच्या अभ्यासातून आहार, आजार आणि बालपणीची उपासमार यांचाही माग लागतो.

इजिप्तशी तुलना : जोर्वेकरांची सुरुवातीची वस्ती इजिप्तचा राजा तूतांखामेन याच्या (मृत्यू सुमारे इ. स. पू. १३२३) काळातली. इजिप्तमध्ये उच्चवर्गीयांचा देह नेट्रॉन या क्षाराने सुकवून कापडात गुंडाळीत. या सगळ्या विधीला सुमारे ७० दिवस लागत. तेथेही मुलांना मातीच्या भांड्यांत पुरल्याची उदाहरणे आहेत. मृत्यूनंतरही माणसाला अन्नपाणी लागते ही भावना दोन्हीकडे दिसते. मात्र इजिप्तच्या थडग्यांमधून प्रामुख्याने राजे व अधिकारी कळतात, तर इनामगावच्या जमिनीखालून कळतात ती शेतकऱ्यांची घरे आणि त्यांनी गमावलेली लेकरे. महाराष्ट्राच्या इतिहासात या दफनांचे मोल त्यामुळेच थोर आहे.

जतन : नदीकाठच्या अशा जुन्या वस्त्यांच्या टेकाडांना मराठवाड्यात पांढरी म्हणतात. पांढरीची माती खतासारखी शेतात टाकण्यासाठी आणि भरावासाठी उकरली जाते. त्यात खापरे, हाडे, चुली एकत्र कालवली जातात. कोणते भांडे कोणत्या घरात, कोणाच्या उशाशी होते, हे एकदा मोडले की पुन्हा कळत नाही. म्हणून मातीत कुंभ किंवा हाडे दिसताच खोदकाम थांबवावे, वस्तू जागच्या जागी राहू द्याव्यात आणि तहसील कार्यालय वा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे.