बाळोत्यांचा इतिहास आणि कापसाचा मुलूख

मराठीत पाळण्यांची आणि अंगाईगीतांची उणीव नाही. त्यांत झबले येते, टोपडे येते, कुंची येते, चांदीचे वाळे येतात. ओले बाळोते मात्र सहसा येत नाही. मूल जन्मल्यापासून पहिली दोन वर्षे आईचा किंवा आजीचा जितका वेळ लंगोट बदलण्यात, धुण्यात आणि वाळवण्यात जातो, तितका पाळणा हलवण्यात खचितच जात नसेल. वाङ्मयाने हे काम ओव्यांबाहेर ठेवले, म्हणून त्याचा इतिहास वैद्यकग्रंथांत, कापसाच्या व्यापारात आणि खुद्द शब्दांत शोधावा लागतो. त्यासाठी आम्ही यवतमाळ जिल्ह्याकडे पाहतो आहोत, आणि त्याचे कारण उघड आहे: बाळोते कापसाचे असते आणि हा जिल्हा कापसाचा आहे.

प्रथम शब्द. ‘लंगोट’ हा ‘लिंगपट्ट’ ह्या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. ‘दुपटे’ म्हणजे दोन पदरांचे वस्त्र. ‘बाळोते’ ह्या शब्दात तर बाळच बसले आहे. इंग्रजीतील ‘डायपर’ची गोष्ट अधिक गमतीची. हे मूळचे एका कापडाचे नाव, चौकटीचौकटींच्या विणीच्या पांढऱ्या कापडाचे. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये हा शब्द येतो, पण तेथे तो हात पुसण्याचा रुमाल आहे. म्हणजे आज ज्या वस्तूत विणलेले कापड औषधालाही नाही, ती वस्तू कापडाचेच नाव घेऊन फिरते आहे!

आता वैद्यक. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी जे सांगितले आहे, ते आजच्या बालरोगतज्ज्ञानेही खोडू नये असे आहे. वस्त्रे मऊ, हलकी आणि स्वच्छ असावीत. घामाने, मळाने, मलमूत्राने बिघडलेली काढून टाकावीत. दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण कोरडी करून वापरावीत. ‘दुसरी नसतील तर’ ही सवलत आम्हांला फार मोलाची वाटते. ग्रंथकाराला गरिबाचे घर माहीत होते. धुरीच्या द्रव्यांत गुग्गुळ, मोहरी आणि वेखंड आहे, आणि वेखंड आपल्या बाळंतघरांत अगदी अलीकडपर्यंत होते.

सुश्रुताने निदानस्थानात ‘अहिपूतना’ नावाचा विकार दिला आहे. नावात पूतना आहे, म्हणून वाचकाला राक्षसी आठवावी. परंतु कारण सांगताना ग्रंथ राक्षसीकडे वळत नाही. मलमूत्र लागलेला भाग न धुतल्याने, किंवा घामेजलेल्या मुलाला न न्हाऊ घातल्याने तेथे खाज सुटते, खाजवल्याने फोड येऊन ते वाहू लागतात, असे तो सांगतो. लंगोटाने येणाऱ्या पुरळाचे इतके जुने आणि इतके स्वच्छ वर्णन असूनही साहित्याच्या वर्गात पूतना शिकवताना अहिपूतना कोणी शिकवत नाही.

ह्यानंतर मध्ये बराच काळ जातो, आणि आपण वऱ्हाडात येतो. 1861 ते 1865 ह्या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे व्यापाऱ्यांची नजर वळली. पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा 1905 साली यवतमाळच्या नावाने ओळखला जाऊ लागला. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडीही कापूस वाहू लागली. कापूस येथून गठाणींनी बाहेर जाई आणि कापड होऊन परत येई. ते आधी लुगडे होई, धोतर होई, फाटले की गोधडीत जाई, आणि जे सर्वांत विरलेले, ते बाळाच्या वाट्याला.

ह्यात केवळ दारिद्र्य पाहणे आम्हांला मान्य नाही. नव्या कापडात खळ असते आणि कच्च्या रुईच्या तंतूवर मेणासारखा थर असतो. त्यामुळे कोरे कापड पाणी नीट शोषत नाही आणि कोवळ्या कातडीला बोचते. शंभर वेळा धुतलेले लुगडे मऊ आणि शोषक होते. जुनेर बाळाला आणि नवे कपडे बारशाला, ह्या रिवाजात निरीक्षण आहे.

मात्र जुनेराला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हात. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे तळाला गेली आणि लोक टँकरची वाट पाहत बसले. दिवसाला दहाबारा लंगोट धुवायचे असतील तर अशा उन्हाळ्यात त्या घराने काय करावे? दुसरीकडे वेचणीला गेलेली आई. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली, मूल ओले झाले तरी ओळ संपेपर्यंत तिला हात रिकामा नाही, कारण मजुरी किलोवर. पुरळाचे कारण आईचे अज्ञान आहे असे म्हणणाऱ्याने ही ओळ एकदा चालून पाहावी.

शास्त्राची वाटचालही ह्याच दिशेने झाली. 1921 साली कुक ह्या अमेरिकन डॉक्टरने लघवीतून जंतूंमुळे अमोनिया तयार होतो, त्याने कातडी भाजते, असे मांडले. 1986 च्या सुमारास हे चित्र सुधारले. लघवी आणि शी एकत्र साचली की त्वचेची नैसर्गिक आम्लता घटते, शीमधील पाचक रस त्यामुळे जोर धरतात आणि ओलाव्याने मऊ पडलेली कातडी सोलतात. म्हणून लवकर बदलणे, कोमट पाण्याने धुणे, न घासता टिपून कोरडे करणे आणि थोडा वेळ उघडे ठेवणे हीच खरी चिकित्सा. त्यावर झिंक ऑक्साइडचे मलम. दोन-तीन दिवसांत लाली उतरली नाही, किंवा कडेला बारीक लाल ठिपके उठले, तर ती बुरशी असू शकते आणि डॉक्टर गाठावा.

आम्लतेचा हा मुद्दा महाराष्ट्रात कोर्टापर्यंतही गेला. जॉन्सन्स बेबी पावडरचे 2018 साली घेतलेले नमुने ह्याच कसोटीवर नापास ठरवून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2022 मध्ये मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला, नव्या नमुन्यांत दोष आढळला नव्हता. बाळाला पावडर लागतेच का, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. श्वासातून फुप्फुसात जाणारी ही भुकटी न वापरणेच बरे, असे बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

आता तालुक्याच्या बाजारातही एकेक डायपर सुटा मिळतो. प्रवासाला, लग्नाला, दवाखान्याला तो घेतला जातो, आणि पाण्याच्या टंचाईत त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या पोटात आहे काय? वर प्लास्टिकच्या धाग्यांचे न विणलेले आवरण, आत पाणी धरणारे रासायनिक दाणे आणि लाकडाचा लगदा. हा लगदा जगभर मुख्यत्वे अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाइन वृक्षांपासून येतो. ज्या दक्षिणेचा कापूस अडला म्हणून वऱ्हाड कापसाचा मुलूख झाला, तेथलेच लाकूड आता कापूस पिकवणाऱ्या गावातल्या बाळाच्या कमरेला. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेला डायपर गुंडाळून वेगळा देण्यास सांगितले होते. घंटागाडी न येणाऱ्या गावात तो उकिरड्यावर पडतो, आणि उकिरड्याचे खत मृगाआधी शेतात जाते.