बाई मरियमचा संसार

दरवर्षी जूनअखेर शाळा उघडली की प्रवेशाचे अर्ज भरून घ्यावे लागतात. आम्ही आसगावचे. पवनी तालुक्यातल्या या धानाच्या मुलखात राहून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. एखादे पोर तिथे 'सौदी' एवढेच लिहून मोकळे होते. सौदी हा देश आहे बाळा, व्यवसाय नव्हे, असे सांगायला आम्ही तोंड उघडतो आणि मिटतो. त्याच्या घरात तो व्यवसायच आहे. अब्बा कुठे आहेत, तर सौदीला. काय करतात, तर सौदीलाच असतात.

मध्यंतरी उलटा प्रकारही पाहिला. तिकडे आईबापांजवळ वाढलेली मुले अर्ध्या वर्षात दाखला घेऊन परत येऊ लागली. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी नोकरदाराच्या बायकामुलांवर माणशी दरमहा १०० रियाल शुल्क बसवले आणि दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला १२०० रियाल, तेही केवळ एका छताखाली राहण्याचे! बापाने स्वतः तिथेच राहून बाकीच्यांना विमानात बसवले. आमच्या वर्गात अशी एक मुलगी आली होती. तिचा अरबी उच्चार आमच्यापेक्षा शुद्ध, पण मराठीच्या तासाला ती मान खाली घालून बसे.

परदेशी गेलेल्यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो कमावत्या पुरुषांचा. कोणी किती दुकाने काढली, गावात मशीद कोणी बांधून दिली. त्यांची लेकरे कुठे निजत होती, कोणत्या भाषेत रडत होती, हे त्यात येत नाही. बी.एड.ला आमच्या वर्गात खेडकडची एक मुलगी होती. तिच्या पणजोबांचे निम्मे आयुष्य केपटाऊनला गेले आणि पणजीचे सगळे आयुष्य कोकणात. "आमच्याकडे केपला जाणे म्हणजे पुढच्या आळीला जाण्यासारखे होते," असे ती म्हणे. तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते आम्ही वाचत आलो आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले गिरमिटिये वेगळे. हे लोक स्वतःचे भाडे भरून गेले. कोणी फळे-भाजीची फेरी करी, कोणी किरकोळ दुकान थाटी, कोणी मजुरी करी. बहुतेक एकटे जात. घरची शेती, म्हातारे आईबाप आणि लहान पोरे बायकोच्या गळ्यात. १९०६च्या केपच्या कायद्याप्रमाणे हिंदी माणसाला गावी जाऊन परत यायचे असेल तर निघण्याआधी परवाना काढावा लागे. एक पौंड फी, फोटो आणि अंगठ्याचा ठसा. मुदत फार तर तीन वर्षांची. मुदत टळली तर परतीचा हक्क गेला. कोकणातल्या कित्येक घरांतली बाळंतपणे या परवान्याच्या मुदतीत बसवलेली असणार, असे आम्हाला वाटते. बाप यायचा, मूल राहायचे, बाप जायचा. पुढच्या खेपेला ते मूल चालत दाराशी येऊन 'हा कोण' म्हणून बघत राहायचे.

ज्यांनी बायकोला नेण्याचे धाडस केले, त्यांच्या वाट्याला वेगळाच प्रश्न आला. पोर्ट एलिझाबेथचे हसन इसप यांनी हिंदुस्थानात निकाह लावून आपल्या पत्नीला, बाई मरियमला, दक्षिण आफ्रिकेत नेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला राहू देण्यास नकार दिला. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न या देशाच्या कायद्यात लग्न ठरत नाही. हसन यांना एकच पत्नी होती, याला त्या युक्तिवादात काही किंमत नव्हती. मरियम कायद्याच्या नजरेत पत्नीच राहिली नाही. आणि पत्नी नाही म्हटल्यावर तिची लेकरेही औरस नाहीत.

हा घाव एका मुसलमान घरावर पडला, पण त्याने हिंदू, पारशी अशी सगळीच घरे हादरली. गांधीजींच्या सत्याग्रहात तोवर बायका नव्हत्या. या निकालानंतर त्या उतरल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून कस्तुरबा निघाल्या आणि तीन महिन्यांच्या सक्तमजुरीवर गेल्या. हे शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. ऑक्टोबरात दरबानहून निघालेल्या फातमाबाई मात्र फारशा कोणाला ठाऊक नाहीत. त्या गांधीजींचे बालमित्र शेख मेहताब यांच्या पत्नी. आई हनीफाबाई आणि सात वर्षांचा मुलगा यांना बरोबर घेऊन त्या व्होक्सरस्टच्या हद्दीवर गेल्या आणि अटक करून घेतली. आजी, आई आणि नातू, तीन पिढ्या एका वेळी. ट्रान्सवालच्या तमिळ बाया निघाल्या तेव्हा त्यांतल्या काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. त्या लेकरांना तुरुंगात दूध कोण देत होते, अंगावर पांघरूण किती होते, हे प्रश्न मोठ्या इतिहासात क्षुल्लक ठरतात. घर चालवणारीला ते क्षुल्लक वाटत नाहीत.

१९१४च्या कायद्याने तडजोड झाली. हिंदी धर्मविधीने झालेले लग्न मान्य, पण पत्नी एकच, आणि तिची सोळा वर्षांखालील मुले. यातून नवी कटकट उभी राहिली. मूल सोळाचे आहे की अठराचे, हे कोणी सांगायचे? कोकणातल्या खेड्यात जन्म लक्षात राहायचा तो 'मोठ्या वादळाच्या साली' किंवा 'रमजानच्या आदल्या चांदाला' असा. मग जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटचा दाखला आणायचा, की अमुक इसमाची ही बायको आणि हे त्याचे मूल. समुद्रापार बसलेल्या कारकुनासमोर बापाला आपले बापपण कागदावर दाखवावे लागे. आम्ही शिक्षक आहोत. वयाच्या दाखल्याचे वजन आम्ही जाणतो. दाखल्यावरची तारीख आणि पोराच्या मिशीची लव यांचा मेळ बसत नाही, असे प्रसंग आमच्याही टेबलावर येतात.

इथे आपल्या माणसांचेही एक वागणे सांगितले पाहिजे. बाप नेत असे तो मुलाला. दहा-बारा वर्षांचा पोरगा दुकानात हाताखाली आला की कमाईला जोड मिळे. मुलगी आईजवळ गावी राही. कायदा आडवा येत होता हे खरे, पण मुलीला न नेण्याचा निर्णय कायद्याने लादलेला नव्हता. १९२७ साली दोन्ही सरकारांत केपटाऊनचा करार झाला, त्यात ठरले की एकटी मुले यापुढे येऊ द्यायची नाहीत, आईबरोबर यायला हवे. कारण दिले होते सुखी कौटुंबिक जीवनाचे. दिसायला किती माणुसकीचे! परिणाम असा, की ज्या घरी आईला हलणे शक्य नव्हते तिथे मुलगाही बापाला मुकला. आणि काही घरांत आई आली, मुलाला पोचवले आणि गावच्या शेतीसाठी माघारी फिरली.

ज्या घरांत आई टिकली, तिथले घर कसे होते? केपमध्ये इस्लाम जुना होता. डचांनी आणलेल्या गुलामांच्या आणि राजबंद्यांच्या वंशजांच्या, ज्यांना 'केप मलाय' म्हणत, मशिदी आणि मदरसे तिथे आधीपासून होते. आम्हा उर्दूवाल्यांना चकित करणारी गोष्ट अशी, की तिथल्या मदरशांत आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली जात होती. उस्मानी सुलतानाने धाडलेले अबू बकर एफेंदी १८६३ साली केपला पोचले. त्यांचा 'बयानुद्दीन' हा ग्रंथ अशाच लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये आहे आणि तो १८७७ साली इस्तंबूलला छापला गेला. पहिल्या पिढीतल्या कित्येक कोकणी पुरुषांनी याच समाजातल्या मुलींशी निकाह लावले. त्या घरांतली अंगाई आफ्रिकान्स. जिथे आई कोकणातून आली, तिथे मात्र चुलीपाशी कोकणी, मदरशात अरबी आणि उर्दू, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर आफ्रिकान्स. सहा-सात वर्षांच्या पोराच्या जिभेवर चार-पाच भाषा, आणि त्यांतली ज्याला लिपी मिळाली नाही, शाळा मिळाली नाही, ती नेमकी आईची. तरी ती टिकली, कारण गावाहून नवी सून येत राहिली. भाषा बोटीतून उतरली ती तिच्या तोंडून.

आमच्या झाडीपट्टीतही घरात एक, शाळेत दुसरी असेच चालते. मुसलमानाची मातृभाषा उर्दू की मराठी, हा वाद आपल्या व्यासपीठांवर वर्षानुवर्षे रंगतो. केपच्या त्या चुलीपाशी बसलेल्या बाईला हा प्रश्न कोणी विचारला असता तर ती हसली असती.

१९५३ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने ही वाटच बंद केली. हिंदुस्थानातून पत्नी आणि मुले आणण्याचा हक्क काढून घेतला. आधी झालेल्या लग्नांना थोड्या काळाची सवलत दिली, एवढेच. गावची सून येणे थांबले आणि कोकणी बोलणाऱ्या आयांची पिढी म्हातारी होत गेली. पुढे ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केपटाऊनची 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली. तिथे आणि आसपास कोकणी घरे होती. साठ हजारांहून अधिक माणसे तिथून हलवली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. हिंदी कुटुंबांतली बरीचशी रायलँड्सला गेली. आज तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कोकणी सापडते. नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात.

आणि मरियमचा प्रश्न? १९९४ मध्ये वर्णद्वेषी राजवट संपली, नवी राज्यघटना आली, तरी केवळ निकाहावर झालेला संसार सरकारी विवाह-कायद्याच्या बाहेरच राहिला. तलाक झाला तर बाईला पोटगीसाठी आणि मुलांच्या ताब्यासाठी सर्वसाधारण घटस्फोट कायद्याचे दार उघडे नव्हते. मुस्लिम बायकांच्या बाजूने एका महिला कायदा संस्थेने वर्षानुवर्षे लढा दिला. २८ जून २०२२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने ही स्थिती घटनाबाह्य ठरवली. मध्ये एकशे नऊ वर्षे गेली होती. २०२४ साली तिथल्या घटस्फोट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मुस्लिम निकाह हा शब्द त्या कायद्यात पहिल्यांदा व्याख्येसह छापला गेला.